तिसऱ्या

मिस्किता टीचर म्हणाल्या,
पायाशी बसलेल्या बारक्या आकड्याला हात लावायचा नाही.
तो बदलला की पदार्थच बदलतो,
मग तुम्ही गंजाचं नाही, भलत्याच कशाचं तरी
गणित सोडवत बसता.
बदलायचा तो पुढचा, मोठा.
किती, एवढंच आपल्या हातात.
काय, ते नाही.

घरी येऊन वहीत तीनदा खोडलं. कागद फाटला.
परसात आईनं काजूच्या बिया वाळत घातलेल्या.
मोरीपाशी दुपारच्या तिसऱ्यांची टरफलं,
काही अजून बिजागरीला धरून.

ठरवलं, बी म्हणजे लोखंड.
मिटता येणारी जोडी म्हणजे ऑक्सिजन,
तो हवेत एकटा फिरत नाही म्हणे.
आणि गंज म्हणजे
दोन बिया, तीन सुटी टरफलं.

डावीकडे एक बी, एक जोडी.
उजवीकडे दोन बिया
आणि एक, आणि दुसरी, आणि तिसरी.
ही तिसरी कुठून आणू?
जोडी मोडून आणली
तर तिची राहिलेली बाजू
फरशीवर उताणी पडून माझ्याकडे बघते.

बराच वेळ गेला.
पलीकडे कुणाच्या तरी भट्टीवर निरो कढत होता,
वास आत येत होता.

मग एका गंजानं भागेना म्हणून
शेजारी दुसरा गंज मांडला.
सहा टरफलं.
तीन जोड्या!
बिया मोजल्या, चार.
कुणाला मोडावं लागलं नाही,
कुणी बाहेर राहिलं नाही.

4Fe + 3O₂ → 2Fe₂O₃

बाबा आले तेव्हा मी अजून जमिनीवरच होते.
खाणी बंद पडल्याला दुसरं वर्ष.
'सातेरी' आमोण्याच्या धक्क्याला बांधून ठेवलेली,
बाबा तिच्यावर राखणीला, अर्ध्या पगारावर.
आधी हातोडीनं तिचा गंज पाडायचे,
भुवयांपर्यंत तांबडे होऊन यायचे,
आणि आईच्या धुण्याचं पाणी
माडाच्या आळ्यात तांबडंच जायचं.

"हे काय मांडलंस गो?"
"गंज."

ते उकिडवे बसले.
म्हणाले, पत्रा झिजायचा नखाएवढा
आणि पापुद्रा निघायचा बोटाएवढा.
घमेली भरभरून टाकायचो आम्ही.
मी एकदा मुकादमाला विचारलं,
गेलं त्याहून जास्त कसं निघतं?
तो म्हणाला, रोहिदास, तू काम कर.

मी टरफलांवर बोट ठेवलं.
"हे हवेतलं. तेही वजनात येतं."

बाबांनी दाराकडे पाहिलं,
उंबऱ्यावरच्या रिकाम्या जागेकडे,
वीस वर्षं घरात वावरून
ज्यानं नाव सांगितलं नाही
अशा माणसाकडे बघावं तसं.

पुढच्या पानावर खनिजाचं सूत्र होतं.
तेच. दोन बिया, तीन टरफलं.
जपानच्या बोटींपर्यंत जी तांबडी माती
सातेरीनं पोटातून पोचवली
तीच आता ती होत चाललीय,
जागेवरून न हलता.
मी पुस्तक मिटलं.
बाबांना ते सांगायचं राहूनच गेलं.

आणखीही एक राहिलं, टीचरना विचारायचं.
समीकरणात मांडवी का नाही?
भरतीचं खारं पाणी नाही,
सोडायला कुणी न आलेला दोर नाही.
पानावर सगळं कसं
कोरड्या जमिनीवर घडतं.

आई बिया गोणीत भरायला आली.
उद्या दुकानात तोलायच्या होत्या.
तिनं मोजल्या नव्हत्या,
तरी हात पुढे केला, "त्या चार."
मी दिल्या.

बाबांच्या हातात एक जोडी राहिली होती.
ते ती मिटत, उघडत,
मिटत बसले.
मग बिजागरी तुटली.
दोन्ही बाजू त्यांनी
फरशीवर जवळजवळ ठेवल्या,
आणि हात धुवायला उठले.